धाकटीचं दुमजली घर

खोऱ्यात खडीची खाण येणार, ही बातमी सगळ्यांत आधी मला कळली होती. आज हे कुणाला सांगून पटायचं नाही. नदीकाठी लाल खुंट्या ठोकणारी माणसं मी पाहिली, मीच त्यांना हटकलं, आणि धापा टाकत टेकडीपर्यंत जाऊन धाकटीला सांगितलं तेही मीच. तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी सगळं खोरं तिच्या अंगणात जमलं आणि बातमी तिची झाली.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. आमचं लहानपणापासून असंच. दूध मी तापवायचं, साय तिने खायची.

विरोधाचा फलक करायचा ठरला. मी कपडे शिवते, तेव्हा काम आलं माझ्याच गळ्यात. कापड माझं, दोरा माझा, दुपारभर मशीनवर पाय मारून कडा दुमडल्या. धाकटीने त्यावर ब्रशने 'खाण नको' एवढे दोन शब्द काढले. पोस्टमन म्हणतो, "वा, काय अक्षर आहे!" शिलाईकडे कोण बघतंय? वाऱ्याने फाटला असता, तर मात्र माझं नाव निघालं असतं.

आणि भाषण! सुरुंग लागले की झरे आटतील, धूळ पोरांच्या छातीत जाईल, असं काहीबाही ती बोलली आणि मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. डोळे माझेही भरून आले. त्याचाच जास्त राग आला मला.

बाबांनी जाताना वाटणी केली, तीही तशीच. टेकडीच्या पायथ्याचं घर आणि मागचा झरा धाकटीला. का, तर म्हणे तिने सेवा केली. मला काय? नदी आणि कडा यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथे गवतसुद्धा नाइलाजाने उगवतं.

पण देवाच्या काठीला आवाज नसतो. खाण टेकडीवर, आणि ट्रक तिथपर्यंत जाणार कुठून? एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कडा. वाट एकच, माझ्या पट्टीतून. कंपनीचा माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला. इतकं गोड बोलायचा की आम्ही त्याचं नाव गुळव्या ठेवलं होतं. चिंध्यांच्या गाठोड्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, सगळं तुमच्या हातात आहे."

जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी असं म्हणालं होतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि टेकडीखालच्या घराचं काय?"

"तुमच्या बहिणीचं? ते सुरुंगाच्या टप्प्यात येतं. पाडावं लागेल."

तोंडाने मी "अरेरे" म्हटलं. पोटात काय झालं ते कशाला लपवू? गार वाटलं. घर नाही म्हणजे अंगण नाही, अंगण नाही म्हणजे सभा नाही, टाळ्या नाहीत. मी म्हटलं, "सरकारी साहेब येणार आहेत ना सगळ्यांचं ऐकायला? तेव्हा सांगते काय ते." पण माझा होकार त्याला माझ्या तोंडावर दिसला असणार.

आमच्या ह्यांनाही दिसला. "अगं, आपलं नाक कापून तिला अपशकुन करायला निघालीस? धूळ आपल्याही ताटात पडेल."

"नाक माझं आहे," मी म्हटलं.

मग रांग लागली. पोस्टमन आला, मास्तर आले, दूधवाली तर पाया पडायला वाकली. "पट्टी देऊ नकोस, बाई." सगळे आले, धाकटी तेवढी आली नाही. एवढा ताठा! मी दारावर नजर ठेवून बसायचे. एकदा येऊन "ताई, नको ना गं" म्हणाली असती तर? तर मी तिला चांगली ताटकळत ठेवली असती, दुसरं काय.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच गुळव्या हजर. चेहरा नुसता फुललेला. "ताई, आता तर काही अडचणच नाही. तुमची बहीणही तयार झाली."

"कशाला?"

"घर सोडायला. बदल्यात शहरात दुमजली घर मागितलंय त्यांनी, वर गच्ची. आम्ही हो म्हटलं. कुणाला सांगू नका म्हणाल्या, ताईला तर मुळीच नाही. पण म्हटलं, तुमच्या मनावरचं ओझं उतरेल."

गाढवाला वाटलं, मी खूश होईन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कात्री खुणेच्या पुढे चालत गेली आणि कुणाच्या तरी झग्याची बाही वाया गेली. दुमजली! गच्ची! म्हणजे वाट मी द्यायची, धूळ मी खायची, आणि ही बया गच्चीवर केस वाळवत उभी राहणार?

शाळेच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ही पट्टी कुणाची?"

मी उठले. "माझी. आणि देणार नाही. मी जिवंत आहे तोवर तिथून ट्रकचं एक चाक जायचं नाही."

गुळव्याने आ वासला. साहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. "वाट नाही तर खाण कशी करणार?" असं ते गुळव्यालाच म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी झाली. माझं लक्ष धाकटीकडे होतं. ती मान खाली घालून बसली होती. रड म्हटलं, आता रड.

आणि मग एकच गलका झाला, आणि माणसं धावली कुणाकडे? धाकटीकडे. दूधवालीने तिला मिठी मारली. माझ्या पाठीवर फक्त आमच्या ह्यांनी हात ठेवला.

संध्याकाळी मी मुद्दाम तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती भांडी घासत होती. "गेली ना गच्ची?" मी म्हटलं.

"कसली गच्ची, ताई? थाप होती ती." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "ताईला सांगू नका म्हटलं, की तो धावत तुझ्याकडेच येणार, हे ठाऊक होतं मला."

मी पाट ओढून बसले.

"हात जोडून आले असते, तर तू पट्टी देऊन टाकली असतीस. हे घर पडलेलं बघायला." ती राग न धरता बोलत होती, हिशेब सांगावा तसं. "नाही म्हण की."

मी पदराचा काठ दुमडत बसले.

"पण जिवाला घोर होता गं. तुला माझी माया आली असती तर? होऊ दे धाकटीचं भलं, म्हणून तू पट्टी दिली असतीस तर? घर गेलं असतं, सगळं खोरं गेलं असतं. मास्तर विचारत होते, इतकी खात्री आहे का तुला? मी म्हटलं, आहे."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांग, ताई. ते ऐकल्यावर एकदा तरी मनात आलं का? होऊ दे हिचं भलं, असं?"

ती उत्तरासाठी थांबली होती. खोटं बोलायला काय लागतं? पण जीभच उचलेना. मग ती परत वळली आणि पातेलं घासायला लागली.