चाळीसला अडणारा काटा

गाडीच्या पासिंगला स्पीडचा मीटर बघतात की नाही, एवढा साधा प्रश्न त्या आठवड्यात मी तिघांना विचारला आणि चार उत्तरं घेऊन बसलो.

मी महावीर. मंगळवार पेठेतल्या सात बायकांना रोज माझ्या व्हॅनमधून शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सोडतो आणि संध्याकाळी परत आणतो. त्यातली पुढच्या सीटवर बसणारी माझी बायको, त्रिशला. ती तिथं पॅकिंगला आहे. गुरुवारी व्हॅनचं पासिंग होतं आणि कागद मिळाला नाही तर शुक्रवारी कारखान्याच्या गेटातून गाडी आत घेणार नव्हते. बिघाड एकच होता. गाडी निघाली की काटा शून्यावरून नीट उठायचा, चाळीसपर्यंत नीट चढायचा आणि तिथंच अडायचा. गाडी साठनं पळू दे नाहीतर सत्तरनं, काटा चाळीसच्या पुढं जायचं नाव घेत नव्हता.

कुणीही म्हणेल, दुरुस्त करून टाक की बाबा. तीच तर पंचाईत होती.

त्रिशलाचा भाऊ श्रेयस हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. पुढं मी व्हॅन घ्यायचं काढलं तेव्हा ती मला जैन बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, घेऊन गेली आणि चातुर्मासाला आलेल्या महाराजांसमोर मला नियम घ्यायला लावला, गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. मी हात जोडून घेतला. तिचा स्वतःचा नियम लग्नाआधीपासूनचा आहे, सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. उन्हाळ्यात दोन्ही नियम गुण्यागोविंदानं नांदले. हिवाळ्यात मात्र कारखाना साडेपाचला सुटायचा, सूर्य सहाला बुडायचा, आणि चाळीसनं गेलं की दारात पोचेपर्यंत अंधार. त्या पहिल्या हिवाळ्यात ती किती वेळा उपाशी झोपली ते मी मोजत बसलो नाही, पण मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी हायवेवर गाडी भरधाव सोडली. भीतभीत काट्याकडं बघितलं तर काटा चाळीसवर. उन्हानं आतली तबकडी फुगली असेल, पण मला वाटलं देवानंच हात धरलाय. ट्रक मागं पडत होते, मला कळत होतं. पण काटा चाळीस म्हणत असताना साठ म्हणणारा मी कोण? शिरोलीचा फाटा ओलांडला की त्रिशला एकदा काट्याकडं बघायची, "चाळीस" म्हणायची आणि काचेला डोकं टेकून झोपायची. असे तीन हिवाळे ती निवांत झोपली. मला लाज वाटायची, पण सहाच्या आत आम्ही ताटावर बसलो की मी ती लाज भाकरीबरोबर गिळून टाकायचो.

म्हणून मला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं की मीटर बघत नाहीत. पासिंगची कामं करणारा एजंट अमरसिंह म्हणाला, "पावणं, लाईट बघत्यात, ब्रेक बघत्यात. मीटरकडं कोण बघतंय?" मी खूश झालो. त्याच्याच टेबलाशेजारचा माणूस म्हणाला, तपासणीच्या यादीत मीटर आहे, बंद असला तर गाडी परत. दुपारी अमरसिंहानं आपलं उत्तर फिरवलं, मीटर चालू असला म्हणजे झालं. आता चाळीसपर्यंत चालणारा काटा चालू म्हणायचा की बंद? हे विचारल्यावर त्यानं मलाच चहा पाजला आणि विषय बदलला.

शेवटी न राहवून त्रिशलालाच विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बरोबर चाळीस दाखवतोय की. त्याच्या पुढलं आपल्याला काय करायचंय?" मी मान हलवली. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

बुधवारी ब्रेक आणि हेडलाईट बघायला गाडी उद्यमनगरात आकारामकडं टाकली. आकाराम माझा शाळेपासूनचा दोस्त. मीटरचं सांगितलं आणि वर म्हणालो, मीटर राहू दे, हात लावू नकोस. तो हसला. ताटावर बसलेला माणूस नको म्हणतो तेव्हा आपल्याकडं आणखी एक भाकरी वाढतात, हे त्या हसण्यावरून माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी तपासणीच्या मैदानात साहेब गाडीत बसले. लाईट, वायपर, हॉर्न सगळं झालं. मग एक फेरी मारायला सांगितली. काटा पंचवीसपर्यंत गेला आणि खाली आला. साहेबांनी मीटरकडं बघितलं असेल, नसेलही. त्यांचा चष्मा काळा होता. गाडी पास झाली. मीटर बघतात की नाही ते मला अजूनही कळलं नव्हतं, पण मी सुटलो होतो.

संध्याकाळी बायकांना घेऊन निघालो. सूर्य समोरच्या काचेत उतरलेला, म्हणून फाटा ओलांडताच गाडी सोडली. त्रिशला काट्याकडं बघून चाळीस म्हणाली आणि डोकं टेकणार तोच काटा पंचेचाळीसवर गेला. पन्नास. साठ. माझा पाय काही केल्या वर उचलेना. काटा बासष्टवर जाऊन थरथरत उभा राहिला. आकारामनं दोस्तीखातर तबकडी सरळ करून ठेवली होती आणि मला सांगितलंही नव्हतं.

मागं बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. त्रिशला हळू आवाजात म्हणाली, "हे कवापासनं?"

मी गाडी चाळीसवर आणली आणि खरं ते सांगितलं, तीन वर्षं. तू उपाशी झोपू नयेस म्हणून.

पंचगंगेच्या पुलावर सूर्य गेला. ती म्हणाली, "माझं जेवण चहाच्या सुट्टीतच झालेलं असतंय. तीन हिवाळं संध्याकाळचा डबा नेतोय मी."

मग घरी येऊन ताटावर कशाला बसायचीस, असं विचारलं.

"तुम्ही एकटं जेवत न्हाईसा म्हणून. दोन घास तुमच्यासंगं."

आधी का सांगितलं नाहीस, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीही कुठं सांगितलं होतं? मला रडूही येत होतं आणि रागही, आणि राग नेमका कुणाचा ते सापडत नव्हतं. तिचं पोट भरलेलं होतं आणि मी तिला श्रेयसच्याच रस्त्यावरून साठनं पळवत होतो.

त्या दिवशी अंधारात मी एकट्यानं जेवलो. ती समोर बसली होती, पण ताट घेतलं नाही तिनं. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन मी नियम पुन्हा घेतला. त्यालाही आता दोन महिने झाले. गाडी चाळीसच्या वर गेलेली नाही आणि काटा चोख चालतो. मागच्या बायका घरी उशीर होतो म्हणून कुरकुरतात. कुणी विचारलंच, पासिंगला मीटर बघतात का, तर मला आजही धड सांगता येत नाही.

त्रिशला मात्र बघते. फाटा ओलांडल्यापासून मंगळवार पेठ येईपर्यंत ती काट्यावरची नजर हलवत नाही. गाडीत ती आता झोपत नाही.