पाण्यात बंद पडल्यावर

दुपारी जेवून खाटेवर पाठ टेकली की गॅब्रियलला ट्रॅक्टर दिसायचा. कुणाला स्वप्नात देव दिसतो, कुणाला मेलेली मावशी दिसते, याला ट्रॅक्टर. तोही धड जमिनीवर नाही. उत्तनच्या किनाऱ्यावरून तो सावकाश पाण्यात उतरायचा आणि थांबायचाच नाही. चाकं बुडायची, सीट बुडायची, धुराचा पाइप बुडायचा, आणि खाली हिरव्या उजेडात तो आपला वाळूवरून चालत राहायचा. पापलेटं बाजूला सरून वाट द्यायची. सीटवर त्याची मुलगी मिशेल बसलेली असायची, तिचे केस पाण्यात वर तरंगत असायचे. सगळं इतकं शांत की गॅब्रियलला झोपेतही बरं वाटायचं. मग इंजिन बंद पडायचं, आणि तो जागा व्हायचा.

बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे आणि त्याची बायको नोरा कावळ्यांना शिव्या घालत असायची. ऊन एवढं की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. गॅब्रियल तिकडे बघत बसायचा. लोकांना वाटायचं म्हातारा झोपेतून उठला नाही अजून.

पण त्याचं डोकं जागं होतं. पावसाळ्याआधी गावातल्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढाव्या लागतात, आणि हे काम आयुष्यभर गॅब्रियलने केलं होतं. ट्रॅक्टर पाण्यात उतरवायचा, भरतीवर तरंगत आलेल्या होडीला दोर बांधायचा, आणि खेचायचं. चढत्या पाण्यात ट्रॅक्टर बंद पडला तर संपलंच. खारं पाणी इंजिनात शिरतं आणि लाटेवरची होडी ट्रॅक्टरवर येऊन आपटते, चालवणाऱ्यासकट. आता गुडघ्यांपायी डॉक्टरांनी गॅब्रियलला पाण्यात उतरायची बंदी केली होती. मिशेलने मीरा रोडची एसीतली नोकरी सोडून स्टिअरिंग हातात घेतलं. पोरीचा हात चांगला होता, यात वाद नव्हता. पण जुन्या ट्रॅक्टरच्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला होता, सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि गॅब्रियलच्या जुगाडावर चालणारं ते धूड शेवटी बसलं ते बसलंच. होड्या ओढायच्या आत नवा घ्यायलाच हवा होता.

दोन ट्रॅक्टर नजरेत होते. एक काशीमीऱ्याला लोकेश नावाच्या तरुण डीलरकडचा, नव्या कंपनीचा, निळाशार, गाणी लावायची सोय असलेला आणि चांगलाच स्वस्त. दुसरा भाईंदरला हंसाबेनकडचा, वर्षानुवर्षं टिकून असलेल्या कंपनीचा, महाग, आणि दिसायला एखाद्या सरकारी कपाटासारखा.

"निळाच घे," नोरा म्हणाली. "वाचल्या पैशात छपराचं काम व्हईल. तुना काय, तू दुपारी झोपतंस, गळतंय माझ्या चुलीवर."

"आणि दिसतोय पण मस्त, पपा," मिशेल म्हणाली. लोकेशने तिला तो चालवून बघायला दिला होता आणि ती त्याच्यावर फिदा झाली होती. खरं सांगायचं तर गॅब्रियलही झाला होता.

तरी त्याच्या घराण्याची एक रीत होती. इंजिन घ्यायचं तर आधी ते मोडलंय असं समजून दुकानात जायचं. विकत घ्यायला आलेल्याला सगळेच खुर्ची देतात. मोडलेलं घेऊन आलेल्याला कोण बसा म्हणतं, ते बघायचं.

पहिल्यांदा तो लोकेशकडे गेला. चेहरा पाडून म्हणाला, "गावातल्या एकाकडे तुमचा निळा ट्रॅक्टर है. पुढच्या चाकाचं बेअरिंग और ऑइल सील चाहिए."

"अंकल, वो कंपनी से मंगाना पडेगा," लोकेश हसतमुखाने म्हणाला.

"और मेकॅनिक?"

"हेल्पलाइन है ना! फोन करने का, कंप्लेंट का टिकट बन जाएगा."

पोरगा वाईट नव्हता. त्यानं गार पाणीही दिलं. पण ते पिता पिता गॅब्रियलला मिशेल दिसली, कमरेएवढ्या पाण्यात उभी, हातात टिकट.

हंसाबेनचं दुकान म्हणजे काळोखी गुहा. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि खाली डोळ्यांवर चष्मा चढवून बसलेली हंसाबेन. गॅब्रियलने तोच चेहरा पाडून तेच बेअरिंग मागितलं.

"कौनसे साल का ट्रॅक्टर है?" तिने विचारलं.

एवढा विचार घराण्यात कुणी केला नव्हता. गॅब्रियल चाचरला. "वो... अभी लेने का है."

हंसाबेन पोट धरून हसली. मग उठून तिने एका खोक्यातून बेअरिंग काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. थंड, जड, तेलकट. तेवढ्यात तिची नजर त्याच्या चपलांवरच्या वाळूकडे गेली. "उत्तन? होडी खेचोगे? पानी में डालोगे?"

नाही म्हणायची सोय होती. पण गॅब्रियलला वाटलं, आज खोटं बोललो तर ते उद्या पोरीला भोवेल. तो हो म्हणाला.

"तो सुनो. खारे पानी की वॉरंटी नहीं मिलेगी. कंपनी इस में मेरा भी नहीं सुनती."

गॅब्रियलचं तोंड उतरलं.

"लेकिन आदमी आएगा," हंसाबेन म्हणाली आणि मागे वळून तिने हाक मारली, "विठू!"

विठू मुर्धा गावचा, हंसाबेनचा जुना मेकॅनिक. हात पुसत आला आणि सरळ म्हणाला, "काका, ओढायच्या दिवशी भरती कधी हाय ते आदल्या दिवशी कळवा. मी फोन जवळ ठेवतो. आणि एक ऐका. उत्तनचे ट्रॅक्टर समुद्र मारत न्हाय, जेवण मारतं."

हे मात्र खरं होतं. होडी वर आली की मालकाकडे मटणाचं जेवण, आणि ते गार करणं म्हणजे त्याचा अपमान. तोवर ट्रॅक्टर मीठ अंगावर घेऊन उन्हात उभा. आधी गोड्या पाण्यानं धुवा, मग जेवा, असं गावात आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गॅब्रियलला हसू आलं आणि जरा लाजही वाटली.

त्यानं सरकारी कपाट घेतलं. नोराने अबोला धरला. स्वयंपाकघरात छपराखाली तिने मुद्दाम मोठं पातेलं मांडून ठेवलं, पाऊस यायच्या आधीच. मिशेलने नव्या ट्रॅक्टरचा एकही फोटो काढला नाही, आणि ते गॅब्रियलला जास्त लागलं.

पहिली होडी शेजारच्या रेनॉल्डची. सकाळचं कोवळं ऊन, पाणी दुधासारखं सपाट, आणि त्यातून होडी कुणाच्या तरी मनात आल्यासारखी हलकेच किनाऱ्याकडे येत होती. मिशेलने ट्रॅक्टर उतरवला. दोर ताणला गेला. होडीचं नाक वाळूला लागलं, आणि उतारावर कललेला ट्रॅक्टर दोन आचके देऊन बंद पडला.

भरती चढत होती. मागून लाटेनं होडी उचलली.

"गॅब्रियल!" रेनॉल्ड ओरडला. मग सगळेच ओरडले, "गॅब्रियल! ओ गॅब्रियल!" काही अडलं की त्यालाच हाक मारायची, आजवर हेच होत आलं होतं. तो डॉक्टर, गुडघे, सगळं विसरून पाण्यात शिरला. आपण चुकलो, पोरीला कपाटात बसवून समुद्रात ढकललं, असं त्याला वाटलं.

मिशेलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. फोन खांद्याने कानाशी दाबून ती बॉनेटवर वाकली होती. "हां विठूदादा... डिझेलच्या नळीत हवा? फिल्टरवरचा नट? केला सैल... पंप मारतेय... हवा येतेय, बुडबुडे येतायत... आता डिझेल आलं. आवळू?"

पाणी चाकाच्या मधोमध आलं. तिने नट आवळला, उडी मारून सीटवर बसली आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर आला, आणि ते धूड रेनॉल्डची होडी घेऊन सरळ किनाऱ्यावर चढत गेलं.

गॅब्रियल घोट्याएवढ्या पाण्यात तसाच उभा राहिला. किनाऱ्यावर टाळ्या पडत होत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. नोरा लुगडं सावरत त्याच्याजवळ आली. एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

"आली ना होडी वर? आता रडायला काय झालं?"

"नोरा," तो म्हणाला, "तिनं मना बोलावलंच न्हाय."