बाहीवरचा गुलाबी काठ

आमच्या मेकन गावच्या हॅमर्स संघाच्या गणवेशाला बाहीच्या कडेला बारीक गुलाबी काठ असतो. तो माझ्या आईमुळे आला.

बेसबॉलचा हा संघ तेव्हा फक्त आम्हा काळ्या लोकांचा होता. गोऱ्यांच्या संघाने टाकलेले फलालिनीचे पांढरे सदरे आमच्या पोरांना मिळत. सदऱ्यांवरची अक्षरं आई आणि चर्चमधल्या बायका उसवायच्या नि आपली शिवायच्या. एका वर्षी लाल कापड मिळेना, तेव्हा त्यांनी गायनमंडळाचे जुने लाल झगे कापले. प्रभूच्या सेवेतले ते झगे आम्ही कधी पाण्यात बुडवत नसू, नुसते वाऱ्यावर टाकायचे. त्यामुळे त्यांचा रंग जातो हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पहिल्याच धुण्यात सगळे सदरे गुलाबी झाले.

"काय पोरींनो, झालर लावायची राहिली का?" समोरचा संघ ओरडला. माझा थोरला भाऊ लेमुएल आमच्याकडून खेळायचा. त्याने टोलवलेला चेंडू त्या दिवशी सापडलाच नाही, आणि गुलाबी रंग आमचा झाला. पुढच्या वर्षापासून आई बाहीला मुद्दाम गुलाबी काठ शिवू लागली.

पुढे संघ व्हिटलॉक या गोऱ्या घराण्याने विकत घेतला, गोरी मुलंही खेळू लागली. फलालीन जाऊन अंगाला चिकटणारे बिनबटणांचे सदरे आले, मग बटणं परत आली. काठ तेवढा राहिला.

यंदा जुन्या धाटणीचा नवा गणवेश निघाला. त्या संघातला आता लेमच उरलाय, म्हणून त्याला नवा सदरा घालून मैदानात मधोमध बसवलं. व्हिटलॉकांच्या नातवाने भाषण केलं, की आजीला गुलाब फार आवडायचे, म्हणून आजोबांनी हा काठ लावून घेतला.

"आठवतं ना, लेमुएलसाहेब?"

"न आठवायला काय झालं?" लेम म्हणाला. "काय ते गुलाब होते!"

परतताना मी गाडीत विचारलं, "हे काय बोललास तू?"

"मैदानाच्या फाटकापाशी माझा पुतळा बसवतायत, एस्टेल. गुलाबांना नाही म्हटलं तर पुतळाही जाईल. आई काही बघायला येत नाही."

"देव बघतो."

"देवाला बेसबॉल कळत नाही."

रविवारी चर्चमध्ये मी नेहमीच्या बाकावर बसले. आमचे रेव्हरंड टिलमन मूळचे इथले नव्हेत, पण प्रवचन असं गातात की आठवडाभराचा शीण उतरतो. आधी साधं बोलणं, मग बोलता बोलता सूर, मग ऑर्गन त्यांच्या मागोमाग, आणि प्रत्येक ओळीला आमचं 'आमेन'. त्या दिवशी त्यांनी प्रवचनाला बायबलातला शारोनचा गुलाब घेतला आणि सूर चढता चढता तो गुलाब व्हिटलॉकबाईंच्या अंगणात नेऊन लावला. सगळं चर्च डोलत होतं. पुढच्या बाकावर लेम नवा सदरा घालून बसला होता.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी उभी राहिले. "रेव्हरंड, तो रंग गुलाबांचा नाही. या चर्चच्या झग्यांचा आहे. माझ्या आईने शिवलेला."

ऑर्गन थांबला. "सिस्टर एस्टेल?" रेव्हरंड गोंधळले आणि लेमकडे वळले. "ब्रदर लेमुएल, तुम्ही तर तिथे होतात."

लेमने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. अगदी मायेने पाहिलं, तेच मला सोसवलं नाही.

"बहिणीचं वय झालंय," तो म्हणाला. "सांभाळून घ्या तिला."

शेजारणीने माझा हात धरून मला खाली बसवलं. रेव्हरंडनी सूर परत उचलला, आणि खरं सांगते, इतका गोड सूर त्यांना आजवर लागला नव्हता. माझ्या तोंडून आमेन निघालं नाही.

लेमला न्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून घरी मीच आणलं. रविवारचं त्याचं जेवण माझ्याकडेच असतं. ताट वाढलं.

"कोंबडी झकास झालीय," तो म्हणाला.

"आईची पद्धत आहे. तीही देऊन टाक व्हिटलॉकांना."

त्याने मक्याच्या भाकरीच्या तुकड्याने रस्सा निपटून घेतला आणि ताट पुढे सरकवलं. मी त्याला आणखी वाढलं.