ताटली रिकामी जात नाही

खालच्या मजल्यावरच्या नेर्मिन तेयझेंची एक ताटली गेली पाच वर्षं आमच्या जिन्यावरून वरखाली करते आहे. पांढरी, काठाला निळी वेल, एके ठिकाणी टवका उडालेला. तेयझे म्हणजे त्यांच्याकडची मावशी. पॅटरसनच्या या गल्लीत आमचं एक घर सोडलं तर बहुतेक सगळे तुर्की, त्यामुळे मला इथे जितक्या मावश्या आहेत तितक्या साताऱ्यातही नव्हत्या.

झालं असं, की आम्ही वर राहायला आलो त्याच संध्याकाळी तेयझेंनी ताटलीभर द्राक्षाची पानं आणून दिली, आत भात भरलेली. 'नो काऊ, नो काऊ,' असं दारातच तीनदा सांगितलं. आता आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चमचाभर साखर घाल, असं आईने शिकवलेलं. मी घरात होते ते पोहे करून दिले. मला कुठे माहीत, की तुर्की बायकाही ताटली रिकामी पाठवत नाहीत! दुसऱ्या दिवशी ताटली पालक भरलेला खुसखुशीत ब्योरेक घेऊन हजर. मग माझी थालीपिठं. मग त्यांचा रव्याचा पाकातला केक. मग माझ्या नारळाच्या वड्या. दोघींना लहानपणी एकच शिस्त लागलेली, आणि थांबायचं कसं ते दोघींच्याही आयांनी शिकवलेलं नाही.

ऐकणाऱ्याला हे फार गोड वाटतं. पुण्याची माझी मैत्रीण नेत्रा फोनवर म्हणते, "अगं, किती लकी आहेस!" आहेच मी लकी. पण सकाळी आठपासून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधायच्या, सहाला घरी यायचं, तर लेकीने खालून आणून ठेवलेली ताटली ओट्यावर. तिच्यातलं खाऊन पोट भरतं न भरतं तोच डोक्यात सुरू होतं, आता हिच्यात काय घालू? साबुदाणा भिजवलेला नाही, बेसन संपलंय. एकदा तर शंकरपाळे तळता तळता मी रडले. वाईट असं काही घडलं नव्हतं. नुसती दमले होते.

शनिवार-रविवार म्हणजे विश्रांती असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं. शनिवारी तेयझेंकडे नाश्ता. तो दहाला सुरू होतो आणि दोनला संपला तर लवकर संपला म्हणायचं. चार प्रकारचं चीज, तितकीच ऑलिव्हं, काकड्या, अंडी, मध, आणि कमरेत बारीक अशा छोट्या ग्लासांतून चहा. नको असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिलं वर्षभर मी पीतच होते. रविवारी सगळा लवाजमा गॅरेट माउंटनवर. डोंगर म्हणायचा, पण अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या माणसाला ती टेकडीच. तिथे कोळशाच्या शेगड्या पेटतात, चहाचा सामोवार पेटतो, सतरंज्या पसरतात आणि संध्याकाळपर्यंत कोणी उठायचं नाव घेत नाही. सोमवारी मी कामावर जाते ती रविवार अंगावर घेऊनच.

माझी मुलगी अबोली मात्र या सगळ्यात माशासारखी पोहते. आठ वर्षांची होती आलो तेव्हा, आता तेरा. शाळा सुटली की तीन वाजता ती तेयझेंच्या दारात. दप्तर तिथे, खाणं तिथे, गृहपाठ तिथे. सहाला मी आल्यावर नाइलाजाने वर येते. तिचं तुर्की तिच्या मराठीपेक्षा बरं आहे, ही गोष्ट मी साताऱ्याला अजून कळू दिलेली नाही.

जानेवारीत नवऱ्याला, प्रसन्नला, ट्रॉयला नोकरी लागली. "ट्रॉय? लाकडी घोड्याचं? ते तर आमच्याकडे आहे!" तेयझे खूश होऊन म्हणाल्या. त्यांना मिशिगन कुठे ते फोनवर नकाशा काढून दाखवावं लागलं, आणि मग त्यांचा चेहरा पडला. प्रसन्न एक शुक्रवार सोडून एक विमानाने येतो, रविवारी रात्री परत. तेयझेंना वाटतं हे असंच चालणार. आमचं मात्र फेब्रुवारीतच ठरलं होतं, की शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही दोघींनीही तिकडे जायचं. एक ऑगस्टला. जागा सोडायची तर घरमालकाला महिनाभर आधी सांगायचं, आणि घरमालक म्हणजे तेयझेच. एक वाक्य बोलायचं होतं. चार महिने झाले, माझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

कारण त्यांचा मुलगा ओरहान. तो टेक्ससला असतो आणि दर शनिवारी नाश्त्याच्या मधेच फोन करतो. तेयझे बहात्तरच्या, गुडघे गेलेले, त्यामुळे घर विकून आईला आपल्याकडे न्यायचं हा त्याचा एककलमी कार्यक्रम. तेयझे दर शनिवारी त्याला एकच वाक्य ऐकवतात. मला त्यातलं फक्त माझं नाव कळायचं. मग एकदा अबोलीने सांगितलं, "मॉम, शी सेज, वर रुपाली आहे. ती आहे तोपर्यंत मी कुठेही जाणार नाही."

आता सांगा, मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. गुरुवारी दुपारी लॅबमध्येच प्रसन्नचा फोन आला.

"रूपा, संडे लास्ट डे आहे यार. तिकडचं अपार्टमेंट मी फायनल केलंय. तू बोलणार आहेस की मी बोलू?"

"मीच बोलेन."

"हे तू मार्चपासून म्हणतेयस."

"मग तू ये आणि बघ ना त्यांच्या तोंडाकडे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला.

घरी आले तर ओट्यावर ताटली. भरली मिरची, भातावर पुदिना. अबोली आणि मी खाल्लं. ताटली धुतली, पुसली आणि सवयीने फ्रिज उघडला. अर्धा फ्लॉवर, वाटीभर दही, एक लिंबू. मी फ्रिजचं दार उघडं ठेवून तशीच उभी राहिले. मग दार लावलं आणि ती ताटली घेऊन रिकामीच खाली गेले.

दमले होते हे खरं, पण तेवढंच खरं नाही. जिना उतरताना मनात एक दुष्ट विचारही होता. येऊ दे त्यांना एकदाचा राग. रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, की सांगणं सोपं जाईल. रुसलेल्या माणसाचा निरोप घ्यायला कमी त्रास होतो.

तेयझेंनी दार उघडलं. ताटली हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दार त्यांनी अगदी हळू लावलं.

शुक्रवारी ताटली आली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा माझा ओटा मोकळा होता आणि मला तो बघवेना. रात्री प्रसन्न आला. शनिवारी माझी ड्यूटी होती, त्यामुळे नाश्त्याला बाप-लेकच खाली गेले. "कशा होत्या?" मी संध्याकाळी विचारलं. "नॉर्मल," प्रसन्न म्हणाला. "ब्रेकफास्ट जरा साधा होता. ब्रेड, चीज, बस." म्हणजे बाण बरोबर लागला होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

रविवारी आम्ही डोंगरावर गेलो. नेहमीचीच झाडं, नेहमीचीच मंडळी. प्रसन्न सामोवारपाशी पुरुषांत जाऊन बसला. गाडीतून सामान काढताना अबोली माझ्याजवळ आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"टेल हर टुडे, मॉम. ऑर आय विल."

"सांगते गं."

"यू ऑल्वेज से दॅट."

तेयझे एका बाजूला शेगडीपाशी उभ्या होत्या, वांगी आणि मिरच्या भाजत. आमच्यासाठीची शेगडी त्या नेहमी वेगळी पेटवतात. टेबलावर पाहिलं तर बेकरीतून आणलेला ब्रेड, न चिरलेल्या काकड्या, विकतचं लोणचं. दर रविवारी पहाटे उठून सात-आठ पदार्थ करणारी बाई. चांगल्याच रागावल्या आहेत, मी मनात म्हटलं, आणि तेच बरं, असंही म्हटलं. वाक्य जुळवून त्यांच्याजवळ गेले. पण मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, आणि त्यांच्याशी बोलताना माझंही तितकंच मोडतं.

"गुरुवारी ताटली रिकामी दिलीस."

"हो. तेयझे, मी त्या दिवशी..."

"थांब. मला बोलू दे." त्यांनी एक वांगं उलटलं. "ती ताटली घेऊन मी खुर्चीत बसले. खूप वेळ बसले. पाच वर्षं मी रोज सकाळी उठते आणि पहिला विचार काय? आज वर काय पाठवू? काल रुपालीने वड्या दिल्या, आता मी काय देऊ? माझे गुडघे बघ. मीही दमले होते, कळलं? पण तुझी ताटली भरून येते, मग मी कशी थांबू?"

त्या हसायला लागल्या. मला हसता येईना.

"पाहुण्याकडून ताटली रिकामी येत नाही. शेजाऱ्याकडूनही नाही. पण मुलीकडून? मुलगी येते, ताटली सिंकमध्ये टाकते आणि जाते. धूतसुद्धा नाही. तू धुतलीस, तेवढं चुकलं तुझं." त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हाताला कोळशाचा वास होता. "मी म्हटलं, नेर्मिन, झालं. पाच वर्षं लागली, पण मुलगी झाली. शुक्रवारी मी दहापर्यंत झोपले. काही केलं नाही. आज पण बघ, सगळं विकतचं. आता आपण दोघी नाही दमायचं."

मी म्हणाले, "तेयझे..."

"आणि काल ओरहानला सांगून टाकलं. घराचं पुन्हा कधी विचारू नकोस. वर शेजारीण नाही आता, माझी मुलगी आहे. तो म्हणाला, ठीक आहे आई. पहिल्यांदा म्हणाला ठीक आहे."

मला वाटलं, इथून पळत सुटावं. खाली रस्त्यावर जाऊन पहिली बस येईल ती पकडावी. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गुरुवारी जे मी त्यांना दुखवायला नेलं होतं ते त्यांनी पदरात घेतलं होतं, आणि त्याच्यावर अख्खं घर पणाला लावलं होतं. पलीकडे अबोली टेबलाशी काकड्या चिरत होती आणि एकटक आमच्याकडे बघत होती.

"तेयझे, आम्ही जातोय," मी म्हणाले. "एक ऑगस्टला. मिशिगनला. मी आणि अबोली पण. फेब्रुवारीत ठरलंय. मला सांगता आलं नाही."

हे सगळं मी एका दमात बोलले. इतके महिने ज्याची भीती होती ते बोलायला दहा सेकंदही लागले नाहीत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक मिरची उलटली, मग दुसरी, मग सगळ्या ओळीने. तिसऱ्या मिरचीची साल जळून काळी झाली होती, ती त्यांनी बाजूला काढून ठेवली. मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. मला वाटलं आता त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिकडे अबोली तीन वाजता शाळेतून येईल," त्या म्हणाल्या. "दार कोण उघडेल?"

"कोणी नाही. तिला किल्ली देऊ."

"किल्ली," त्या म्हणाल्या. मान हलवली. "तेराची झाली. हो. किल्ली चालेल."

तुमचं काय, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि विचारण्यात नुसतं विचारल्याचं समाधान होतं.

"मग मला ओरहानला पुन्हा फोन करायला पाहिजे," तेयझे म्हणाल्या. आवाज साधाच होता, गाडीत मीठ राहिलं म्हणावं तसा.

निखारा खाली बसायला लागला होता. त्या कोळसा घ्यायला वाकल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या, एक हात गुडघ्यावर.

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "मी बघते."

पाच वर्षांत त्यांनी मला शेगडीजवळ कधी येऊ दिलं नव्हतं. आज त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला, अबोलीच्या शेजारी जागा होती तिथे गेल्या आणि बसल्या.