परत नाही आला तरी चालेल

मी आइस्क्रीमचा डबा बोलतोय. आतलं आइस्क्रीम संपून पाच वर्षं झाली, झाकणावरची स्ट्रॉबेरी पुसट होऊन गाजरासारखी दिसायला लागली, तरी माझं नाव तेच राहिलं. फ्रीझरच्या तळच्या कप्प्यात माझा मुक्काम. एवढ्या गारठ्यात राहूनही मी जळतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

एकाच साच्यातून माझे हजारो भाऊ निघाले आणि बहुतेक कचऱ्यात गेले. मी वाचलो तो मालकिणीमुळे. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. आठवडाभर मान वर करायला फुरसत नसते, म्हणून रविवारी मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक करते आणि आमच्यात भरून गोठवते. तिने मला गरम पाण्याने घासलं, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, "हा राहू दे. विकतचे डबे हवेत कशाला?" त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

तिची शिस्त कडक. अन्न पुरतं निवल्याशिवाय भरायचं नाही. गोठलं की फुगतं, म्हणून वर दोन बोटं जागा सोडायची. एका डब्यात एका जेवणापुरतंच. चिठ्ठीसाठी रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी. ती डब्याच्या पोटावर लावायची, कारण झाकणं एकमेकांची बदलतात. आणि डबा कोरडा असतानाच लावायची, कारण एकदा दव गोठलं की पट्टी धरत नाही. पट्टीवर पदार्थ, तारीख आणि खाली एखादी सूचना. सूचना नवऱ्यासाठी. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, पण घरात लिहून ठेवल्याशिवाय त्याला मीठ सापडत नाही.

यंदा तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. बारा दिवस ती घरी नसणार होती. दोन रविवार खपून तिने बारा डबे भरले. माझ्या वाट्याला तिचा राजमा आला, तिच्या हातचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ. पट्टी दाबून बसवताना ती लेकीला म्हणाली, "ठमे, मी नसले तरी रोज माझ्याच हातचं जेवाल बघ." किती खूश होती!

ती गेली आणि संध्याकाळी नवऱ्याची मोठी बहीण मदतीला आली. ताई. सोबत भेट म्हणून काचेच्या डब्यांचा अख्खा सेट. चारी बाजूंनी खटके, निळी झाकणं, आतलं सगळं आरपार दिसणार. ताईंनी फ्रीझर उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "अरे, मी असताना बर्फातलं कशाला खाता? मी ताजं करते."

झालं! आयत्या बिळावर नागोबा. ताईंची भाजी काचेत, दिव्याखाली, डोळ्यांसमोरच्या फळीवर. आणि मी अंधारात, मटारच्या पिशवीखाली. खरं सांगतो, पोटात राजमा होता तरी माझ्या पोटात दुखत होतं.

आमच्या फ्रीझरचं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. पहिल्याच रात्री मालकिणीचा फोन आला. "आज कुठला डबा काढला?"

"अगं, ताईने ताजं केलंय."

 पलीकडून नुसतं, "बरं."

त्या 'बरं'ला नवरा घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने ठोकून दिलं, "डाळ काढली." ती म्हणाली, "चिठ्ठी वाचा बघू." हा धावत आला, डाळीच्या डब्यावरची पट्टी सोलली आणि वाचली, "पाणी घालू नका." मग रोजचंच झालं. पट्टी वाचून झाली की ठमी ती कपाटाच्या दारावर चिकटवायची, म्हणजे तीच थाप दोनदा पडायला नको.

दहाव्या दिवशी माझी पाळी. "राजमा. मंद आचेवर. ठमीला जास्त वाढा," त्याने वाचलं आणि वर म्हणाला, "काय झालाय म्हणून सांगू! बोटं चाटतोय." मी दगडासारखा गोठून पडलेलो, झाकणही उघडलेलं नाही! बोटं चाटत होते ती काचेतली भाजी खाऊन.

मालकिणीला एक दिवस आधीच घरी सोडलं. पोटावर हात धरून ती आली आणि बसायच्या आधी तिने फ्रीझर उघडला. बाराच्या बारा डबे भरलेले, आणि बहुतेकांच्या पोटावर पट्टीच नाही. मग तिची नजर कपाटाच्या दाराकडे गेली. तिने माझी पट्टी सोडवली आणि माझ्या पोटावर दाबली. पडली. पुन्हा दाबली, पुन्हा पडली. दवावर पट्टी धरत नाही हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"त्याला बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "मीच काढू दिले नाहीत. एवढ्या लांबून आले ती काय तुझे डबे गरम करायला? वाटलं, भाऊ चार दिवस माझ्या हातचं जेवेल."

"आणि मला वाटलं, मी तिथे पडले असले तरी घरात माझं काहीतरी चाललंय," मालकीण म्हणाली.  "मला हेवा वाटला ताई तुमचा. रोज वाटला."

 ताईंनी मला उचललं, कोमट पाण्यात धरलं आणि राजमा पातेल्यात उपडा केला. जेवताना त्यांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"घट्ट कसा होतो गं एवढा?"

"थोडे दाणे ठेचून घालते."

आठवड्याने ताई निघाल्या, तेव्हा मालकीण म्हणाली, "ठमे, त्यांना राजमा भरून दे." ठमीने काचेचा डबा काढला. "तो नको, प्रवासात फुटेल. आइस्क्रीमचा दे. परत नाही आला तरी चालेल."

पाच वर्षांची नोकरी, आणि हा निरोप! काचेला जपायचं, कारण ती फुटते. मी फुटत नाही, म्हणून मला सोडून द्यायचं.

आता मी ताईंच्या ओट्यावर रिकामा आहे. माझ्या जागेवर तिकडे कोण बसलं असेल, या विचाराने रोज जळतो. आज मात्र ताईंनी राजमा केला. चाखला, तोंड वाकडं केलं, आणखी दाणे ठेचले. मग मला कोरडं पुसून पोटावर पट्टी लावली आणि लिहिलं: 'राजमा. तुझ्यासारखा नाही जमला.' उद्या त्यांचा शेजारी तिकडे जातोय.

तुमच्याकडे कुणाचा डबा पडून असेल तर पोचवा हो. चालेल म्हणणाऱ्या माणसाला खरंच चालतं, असं समजू नका.