डोहाळा जपानी किल्ल्याचा

वसुधेला डोहाळा लागला तो जपानी किल्ल्याचा.

बायकांना कैरीचा लागतो, चिंचेचा लागतो, फार तर भाजलेल्या मातीचा लागतो. तिच्या सासूला, गिरिजाबाईंना, सत्यजितच्या वेळी हुरड्याचा लागला होता, तोही ऐन वैशाखात. फलटणात तेव्हा हुरडा कुठून पैदा करायचा म्हणून घरातले पुरुष आठवडाभर एकमेकांची तोंडं बघत बसले होते. पण ही सून पडली अमेरिकेतल्या शॉमबर्गात जन्मलेली, आईबाप दोघंही डॉक्टर. तिचे डोहाळेसुद्धा पासपोर्ट लागणारे. दोघं नवराबायको जपानला किल्ले बघायला निघालेली, तेवढ्यात गोड बातमी आली, पाठोपाठ उलट्या आल्या, आणि ट्रिप कॅन्सल केली. तेव्हापासून वसुधा सोफ्यावर पडून फोनमध्ये किल्ले बघायची आणि सुस्कारे टाकायची.

डोहाळा अपुरा राहिला तर पोराचा कान फुटतो, असं फलटणाहून आलेल्या गिरिजाबाईंनी जाहीर केलं. सत्यजित म्हणाला, आई, कान इन्फेक्शननं फुटतो. त्यावर इन्फेक्शन कशानं होतं ते सांग, असं त्यांनी विचारलं, आणि सांता क्लाऱ्यात एवढ्या मोठ्या हुद्द्यावर बसलेला मुलगा खुर्चीतून उठला. तो कॉम्प्युटरपाशी गेला आणि अर्ध्या तासात किल्ला शोधून आला. तोही इथेच, कॅलिफोर्नियात. जपानात कुणी एक जुना किल्ला जळणाच्या भावानं मोडीत काढला होता. इकडच्या एका लाकूडवाल्या शेटजींनी तो विकत घेतला, वासे-तुळया सुट्या करून बोटीत घातला आणि इथल्या डोंगरावर परत उभा केला. याला शंभरावर वर्षं झाली. आता दिवसाचं तिकीट वेगळं आणि रात्री रोषणाई बघायची तर ते वेगळं.

"दिवसाचा एक आणि रात्रीचा एक, असे दोन किल्ले आहेत का तिथे?" गिरिजाबाईंनी विचारलं. सत्यजितनं दोन्ही तिकिटं काढली.

गाडीत मागच्या सीटवर त्या थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण त्यांच्या मनात किल्ला नव्हता. त्यांना या सहलीला वेगळाच वास येत होता. त्यांचं परतीचं तिकीट बाळ यायच्या आठवडाभर आधीचं निघालं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. तिकीट नुसतं फ्रिजला चिकटलं होतं. आणि त्या गेल्या की लगेच शॉमबर्गाहून विहीणबाई, प्रतिमाताई, येणार होत्या. बाळंतपण आईचं, ही रीत त्यांनाही ठाऊक होती. पण प्रतिमाताई भूल द्यायच्या डॉक्टर. जन्मभर धडधाकट माणसं झोपवली. बाळाला झोपवायला तेवढ्या कामी येतील, बाकी अंघोळ, मालिश, शेक, सगळा उजेडच. इकडे गिरिजाबाईंनी खारीक-डिंक-हळीव बॅगेतून आणलेलं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवलेली, रोज संध्याकाळी सुनेच्या पायांना तेल चोळलेलं. आणि आता पान वाढायची वेळ आली, तर म्हणे उठा.

म्हणजे हा किल्ला नव्हता, ही बोळवण होती. दोघांपैकी कुणीतरी 'आई, थांबा' एवढं म्हणावं, बाकी त्यांना काही नको होतं. आपण होऊन विचारण्याचा प्रश्नच नव्हता. परक्या पंगतीत कधी मीठसुद्धा मागून न घेतलेली बाई ती, मुलाच्या घरी मुक्काम मागणार होती थोडीच.

किल्ला समोर आला तशी वसुधा मान मागे टाकून बघत राहिली. खाली तिरपा चढत गेलेला दगडी चौथरा, वर पांढऱ्या भिंती, एकावर एक छपरं, आणि सगळ्यात वर छपराच्या दोन टोकांना शेपट्या उभारलेले दोन मासे. मासे आगीपासून राखण करतात, असं दारावरच्या गाईड पोरीनं सांगितलं. माशांनी आग विझवायची म्हणजे मांजरानं दूध राखायचं, असं गिरिजाबाई पुटपुटल्या. गाईड पुढे म्हणाली की या किल्ल्यावर कधी लढाई झालीच नाही. सत्यजितनं ते मराठीत सांगितलं आणि लगेच त्याला पस्तावा झाला.

"लढाई नाही, दारात देवी नाही, वर पाण्याचं टाकं नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "मग याला किल्ला का म्हणायचं? बंगला म्हणा."

मात्र आत जाताना चपला काढून पिशवीत घालून हातात धरायच्या, हे त्यांना पटलं. निदान एवढं तरी वळण आहे लोकांना, अशी त्यांनी जपानला पावती दिली.

गाडी अडली ती जिन्यापाशी. जिना कसला, उभी शिडीच. गरोदर बायकांनी वर जाऊ नये, अशी पाटीच तिथे लावलेली. वसुधेनं पाटी वाचली, वर बघितलं, पोटावर हात ठेवला आणि हसून म्हणाली की ठीक आहे, मी बाहेर बेंचवर बसते. तिचं ते हसू गिरिजाबाईंनी बरोबर ओळखलं. पंगतीत आपल्यापर्यंत येईतो जिलबी संपली की माणूस असंच हसतं.

"तू बस," त्या म्हणाल्या. "मी बघून येते आणि तुला सांगते. तुझ्या डोळ्यांनी नाही तर माझ्या. बाळाला काय कळतंय कुणाचे डोळे ते."

काष्टा आवळून त्या जिन्याला भिडल्या. गुडघे कुरकुरले, पण ते घरी टीव्हीसमोरही कुरकुरायचेच. घट्ट जीन्सवाल्या दोन पोरी पहिल्याच वळणावर पाय आखडून बसल्या होत्या; त्यांना ओलांडून नऊवारी वर गेली. सत्यजित मागोमाग निघाला होता, पण दुसऱ्या मजल्यावर त्याचं कपाळ तुळईवर आपटलं आणि तो तिथेच टेकला. मला एवढं उंच वाढवलंस कशाला, असं तोंड करून त्यानं आईकडे बघितलं. त्याच्यासाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता.

वरच्या माळ्यावर काय होतं म्हणाल, तर काही नव्हतं. रिकामी लाकडी खोली, गुळगुळीत फळ्या, चारी बाजूंना खिडक्या आणि वारा. एवढं चढून वर यायचं ते वारा खायला. खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसत होते, गाड्यांचा तळ दिसत होता, आणि खाली झाडाजवळच्या बेंचवर वसुधा दिसत होती. तिनं बूट घालायला घेतले होते. पाय सुजलेले, पोट आडवं आलेलं. बुटापर्यंत हात काही पोचेना. वाकली, सरळ झाली, परत वाकली. शेजारून माणसं जात होती, पण ती कुणाला म्हणेल तर शपथ. शेवटी बूट बाजूला सारून ती मोज्यांवरच बसून राहिली, जसं काही तिला बसायचंच तसं होतं.

ही कुणाच्या वळणावर गेलीय, असं गिरिजाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना उगाच स्वतःचा राग आला.

खाली येऊन त्यांनी आधी सुनेच्या पायांत बूट चढवले, मग किल्ला सांगितला. रिकाम्या खोलीत त्यांनी वारा भरला, मळे भरले, माशांच्या शेपट्या हाताला लागतील इतक्या जवळ आणल्या. वसुधा लहान पोरीसारखी ऐकत होती. थालीपीठं संपली. तिन्हीसांजेला गरोदर बाईनं उघड्यावर असू नये म्हणून गिरिजाबाईंनी तिला गाडीत कोंडून ठेवलं, कानामागे काजळाचं बोट लावलं आणि पुरतं अंधारल्यावरच बाहेर काढलं.

रात्रीचा किल्ला खरंच वेगळा होता. वाटेवर कागदी कंदील, खंदकात पाणी, आणि वर अंधारात तो सबंध किल्ला घट्ट लागलेल्या दह्यासारखा पांढरा. पाण्यात दुसरा, उलटा. गिरिजाबाईंना तो मनापासून आवडला, म्हणून त्या म्हणाल्या की विजेचं बिल कोण भरतं याचं.

सत्यजित चहा आणायला गेला. सासू-सुना खंदकाच्या कट्ट्यावर बसल्या. वसुधा जरा जवळ सरकली, म्हणाली, "आई, एक विचारू? रागवू नका. तुम्ही बाळ येईपर्यंत थांबाल का?"

गिरिजाबाईंनी पाण्यातल्या किल्ल्याकडे बघत राहायचं ठरवलं.

"मम्मी येतेय, पण तिला बाळाचं काहीच येत नाही. ती स्वतःच म्हणाली. माझ्या वेळी नागपूरहून आजी आली होती, सगळं तिनंच केलं. तिकीट चेंज करता येतं. आम्हालाच वाटत होतं, तुम्हाला एवढं राबवणं बरं दिसत नाही. म्हणून बोललो नाही."

गिरिजाबाईंच्या पोटात आनंदाची अशी उकळी फुटली की झाकण उडायचं बाकी राहिलं. आणि तोंड, जन्मभराच्या शिस्तीनं, म्हणालं, "छे गं. मी कशाला? बाळंतपण आईचं. शिवाय माझी तिकडे सतरा कामं पडलीयत."

एवढं म्हणून त्यांनी पदर सारखा केला आणि वाट बघत बसल्या. आता ती परत म्हणेल. मग त्या पुन्हा नको म्हणतील, जरा मऊ आवाजात. मग ती हात धरेल, आणि मग तुझ्या शब्दाबाहेर कशी जाऊ, असं म्हणत त्या थांबतील. सगळं फलटण याच्यावर चालत होतं. पहिल्या 'नको'ला पुरणपोळी घेऊन माघारी फिरणाऱ्या यजमानीणबाईचं नाव पुढची दिवाळी येईपर्यंत निघायचं.

वसुधेनं मान हलवली. "ओके, आई. कळलं मला. मी तुम्हाला फोर्स नाही करणार."

आणि वर त्यांच्या हातावर थोपटलं.

गिरिजाबाईंना वाटलं, चुकून झालं असेल. पण पोरगी खरंच गप्प बसली. सत्यजित हिरव्या पाण्यासारखा चहा घेऊन आला, तर त्यालाही तिनं सांगून टाकलं की आईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. हा तरी आपल्या हातचा वाढलेला. पोटभर जेवल्यावरसुद्धा चौथा लाडू कसा खाऊ घालतात, ते याला ठाऊक असणार. सत्यजित म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं तुला? आईला घराची ओढ लागलीय."

अमेरिकेनं पोरगा पार धुऊन काढला होता.

मग त्यांनी आडून सुचवायला घेतलं. बाळंतिणीला शेक कोण देणार, असं त्यांनी खंदकातल्या पाण्याला विचारलं. वसुधा म्हणाली, हीटिंग पॅड आहे. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की विमानात गुडघे फार धरतात हो, या दिवसांत प्रवास म्हणजे जिवावरच येतं. सत्यजितनं लगेच फोन काढला, म्हणाला की एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगून ठेवतो. इतकी तत्परता त्यानं दहावीला दाखवली असती तर.

वेळ संपल्याची घंटा झाली. माणसं उतारानं दरवाज्याकडे निघाली. वसुधेनं आधाराला त्यांचा दंड धरला होता, आणि तिचं वजन पावलागणिक त्यांच्या हातावर येत होतं. खाली गाडी, मग घर, मग फ्रिजवरचं तिकीट. त्या दरवाज्यातून बाहेर पडल्या की विषय मिटला. परत कुणी काढणार नाही, कारण या दोघांनी त्यांचा मान राखायचं ठरवलं होतं. इतका मान त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता आणि इतका महागातही पडला नव्हता.

दरवाज्याच्या अलीकडे गिरिजाबाई थांबल्या. मागची माणसं दोन्ही अंगांनी वाट काढून जाऊ लागली.

"वसुधा," त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना जिन्यापेक्षा जास्त दम लागला. "मगाशी मी नाही म्हटलं, ते मनातून नव्हतं."

"मग का म्हणालात?"

"पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. समोरच्यानं परत विचारायचं असतं."

वसुधेनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "किती वेळा?"

"तीनदा तरी."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. सत्यजितनं कपाळाला हात लावला, तो नेमका टेंगळावर बसला. खरं आहे म्हणाला, मी विसरलोच. "विसरलास," गिरिजाबाई म्हणाल्या, "आणि आईला खुर्चीत घालून ढकलायला निघालास."

वसुधा त्यांचा दंड सोडून समोर येऊन उभी राहिली, परीक्षेला उभं राहावं तशी. "आई, तुम्ही थांबाल का?"

गिरिजाबाईंची जीभ सवयीनं टाळ्याला लागली. 'छे' अगदी दातांपर्यंत आला. पण समोरची पोरगी शॉमबर्गची होती. तो बाहेर पडला असता तर तिनं तोही खरा मानला असता. त्यांनी तो तसाच गिळला. कडू लागला.

"थांबते," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आईला सांग, स्वतःची उशी घेऊन ये म्हणावं. पलंग माझा आहे."

वसुधेनं त्यांचा दंड परत धरला. दोन पावलं गेल्यावर म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं."

"राहू दे," गिरिजाबाई म्हणाल्या. "चल, पायाखाली बघ."