खुर्ची आत गेली का? होय

अकरा वर्षं मी आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाची सभासद होते आणि एकदाही आत गेले नव्हते. दाराला तीन पायऱ्या होत्या. माझी खुर्ची बॅटरीवर चालते, माझ्यासकट तिचं वजन दीडशे किलो भरतं, आणि पायरी दिसली की ती माझ्याइतकीच हट्टी होते. म्हणून दर गुरुवारी मी इमारतीच्या बाजूला जाऊन खिडकीची काच वाजवायचे. ग्रंथालयातले शिपाईकाका आतून डोकावायचे आणि विचारायचे, "कोणतं देऊ?" मी म्हणायचे, "द्या काहीतरी चांगलं." काकांचे गुडघे दुखतात. खिडकीजवळच्या कपाटातून हाताला येईल ते पुस्तक ते माझ्या मांडीवर ठेवायचे.

ते कपाट पशुवैद्यकाचं आहे.

त्यामुळे शेळीच्या खुरांचे आजार मला पाठ आहेत. गाभण म्हशीला काय द्यावं, कोंबड्यांची मान वाकडी का होते, हेही मी सांगू शकते. संध्याकाळी मी आईला वाचून दाखवते, तेव्हा तीही तयार झाली आहे. परवा शेजारणीच्या बाळाचं पोट बिघडलं, तर आईने आधी विचारलं, "रवंथ नीट करतोय ना?" शेजारीण अजून आमच्याशी जपून बोलते.

लोक म्हणतात, नाव सांगून मागव की पुस्तक. मागवलीही आहेत. पण पुस्तक असं निवडत नाहीत. दहा काढायची, प्रत्येकाची चार पानं चाळायची, नऊ परत ठेवायची आणि एक घरी न्यायचं. मला ती नऊ हवी होती. या एका गोष्टीसाठी मी नकाशा करायला बसले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नकाशा म्हणजे फोनवरचा. मी घरून एका दुरुस्ती केंद्राचे फोन घेते, आणि दोन फोनांच्या मधल्या वेळात मी तो बनवला. गावातली प्रत्येक इमारत त्यावर एक ठिपका आहे. चाकाची खुर्ची आत जात असेल तर हिरवा, नसेल तर लाल. पुढे आमचं मंडळ जमलं. कुणी नळाला पाणी कधी येणार ते फोनवर कळवतो, कुणी बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे नोंदवतो, सगळे आपापली नोकरी सांभाळून आणि फुकट. अध्यक्ष आहेत मोजणीकाका. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झाले, आता जे दिसेल ते मोजतात. चिटणीस रकानेबाई. त्या विमा कचेरीत फॉर्म तयार करतात, आणि ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं त्यांचं मत आहे.

नगर अभियंत्यांनी आम्हाला शब्द दिला होता. या वर्षी ते एका इमारतीला उतार बांधून देणार, आणि ती इमारत आमच्या नकाशावरच्या लाल ठिकाणांतून घेणार. लोकांनी मतं दिली, ग्रंथालय पहिलं आलं. मंडळाच्या मेळाव्यात रविवारी साहेब येणार, मी मंचावरून नकाशा समजावणार आणि यादी त्यांच्या हातात देणार, असं ठरलं. बाराला साहेबांना निघायचं होतं. मी आरशासमोर नऊ मिनिटांचं भाषण इतक्या वेळा केलं की आई स्वयंपाकघरातून माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणायला लागली.

उरली मेळाव्याची जागा. जागा अशी हवी की मी आत जाऊ शकेन, याबद्दल मंडळाच्या समितीत एकाचंही दुमत नव्हतं. मोजणीकाकांनी नियमच करून घेतला, की कार्यक्रमाची जागा नकाशावर लाल असेल तर कार्यक्रम होणार नाही आणि तशी सूचना सगळ्यांच्या फोनवर आपोआप जाईल.

"मी येते की जागा बघायला," मी म्हणाले.

"छे छे," मोजणीकाका म्हणाले, "तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

त्याच वेळी मला सर्दी झाली, ताप आला, मी दोन आठवडे घरात पडून राहिले. आणि मला त्रास नको म्हणून समितीने माझ्या जागी एक खुर्ची घेतली. रकानेबाईंच्या कचेरीतली गोल फिरणारी, खाली पाच छोटी चाकं असलेली खुर्ची. तिच्या पाठीवर "चाचणी" अशी चिठ्ठी चिकटवली आणि ही मंडळी तिला घेऊन गावभर फिरली. रोज मला अहवाल येत होता.

पहिल्यांदा ते पोहण्याच्या तलावावर गेले. तिथला उतार सुरेख, रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. फक्त तो सरळ पाण्यात जात होता. खुर्ची सोडली ती तळाला जाऊन थांबली. रकानेबाईंनी फॉर्म भरला. प्रवेश: होय. परतीचा मार्ग: नाही. तलाव लाल झाला, यादीत चढला आणि त्यालाही लोकांची मतं पडू लागली.

मग मोटारींचं दालन. उतार मोटारींसाठीच होता, त्यामुळे उत्तम होता. पण समिती आत मोजमापं घेत असताना एका गिऱ्हाइकाला खुर्ची पसंत पडली आणि तो तिच्यावर बसून दालनाला दोन चकरा मारून आला. विक्रेता म्हणाला, ही पुढच्या महिन्यात येईल, आत्ता नाव नोंदवा. समितीने काढता पाय घेतला.

त्यानंतर रुग्णालयाचं सभागृह. तिथे सगळीकडे उतार, मोठी लिफ्ट, जीव भांड्यात पडावा अशी जागा. पण लिफ्ट फक्त रुग्णांसाठी. मोजणीकाका नियमाचे पक्के, त्यांनी खुर्चीच्या नावाने केसपेपर काढला. तीन तासांनी डॉक्टर आले, एक चाक ढिलं आहे म्हणाले आणि विश्रांती सांगितली. खुर्चीला दोन दिवस तिथून सोडलं नाही.

हे वाचून मी तापातही हसत होते. मला वाटलं, चला, एवढी माणसं माझ्यासाठी वणवण फिरतायत. खरंच भरून आलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

शनिवारी दुपारी शेवटचा अहवाल आला. "स्थळ नक्की: सार्वजनिक ग्रंथालय, वरचं सभागृह. खुर्ची आत गेली का? होय. वर गेली का? होय. मदत लागली का? नाही."

मी तो चार वेळा वाचला. दोन आठवडे मी त्या बाजूला फिरकले नव्हते. दोन आठवड्यांत उतार होऊ शकतो, आणि अभियंतासाहेब मनावर घेतील तर लिफ्टसुद्धा. मी आईला हाक मारली. "आई, ग्रंथालयात जाता येतं आता." आई पदराला हात पुसत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तिने माझा ठेवणीतला निळा ड्रेस इस्त्री केला. मी ठरवलं, मेळाव्याच्या अर्धा तास आधी जायचं आणि आधी कपाटं बघायची.

पायऱ्या तीनच होत्या. होत्या तशाच.

मी त्यांच्यासमोर निळ्या ड्रेसमध्ये बसून राहिले. आत येणारी माणसं मला नमस्कार करत होती, "अरे वा, आलात" म्हणत होती आणि बाजूने चढून वर जात होती. अर्धा तास गेला. वरून टाळ्या ऐकू आल्या. मग मोजणीकाका आणि रकानेबाई मला शोधत खाली आले.

"अहो, तुम्ही खाली काय करताय? साहेब आलेत."

"काका, पायऱ्या आहेत."

मोजणीकाकांनी पायऱ्यांकडे पाहिलं. खिशातून टेप काढून एक मोजली. "पण खुर्ची तर गेली," ते म्हणाले.

"कुणी नेली?"

"आम्ही चौघांनी. अलगद."

"मग मदत लागली नाही असं कसं लिहिलंत?"

रकानेबाईंनी फॉर्म उघडून पाहिला. "मदत म्हणजे बाहेरच्या माणसाची," त्या म्हणाल्या. "आम्ही तर समितीतले."

"आणि खुर्ची रिकामी होती."

"त्याला रकाना नव्हता," रकानेबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

मोजणीकाकांनी लगेच बाह्या सरसावल्या. "चला, उचलू तुम्हालाही." मी नको म्हणाले. सहा वर्षांपूर्वी एका लग्नात मला असंच पाच जणांनी उचललं होतं, आणि त्यातल्या एकाला फोन आला. त्यानंतर तीन महिने माझा हात प्लास्टरमध्ये होता.

"काही हरकत नाही," मोजणीकाका म्हणाले. "चाचणीची खुर्ची मंचावर ठेवलीच आहे, तुमच्या नावाची पाटी लावून. तुम्ही इथून फोनवर बोला, आम्ही फोन त्या खुर्चीवर ठेवतो. कुणाला कळणारही नाही."

"आणि यादी?"

"दिली की साहेबांना. ग्रंथालय आता हिरवं झालं, म्हणून यादीतून आपोआप गळलं. दोन सभासदांनी जागेवर तपासलं ना, नियमच आहे. आता पहिला आहे पोहण्याचा तलाव. परतीचा उतार."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं मी म्हणणार नाही, पण कान तापले. मी आत जाऊ शकेन अशी जागा शोधता शोधता या भल्या माणसांनी माझं ग्रंथालय हिरवं करून टाकलं होतं. आता ते कायमचं हिरवं राहणार. पुढची अकरा वर्षं मी खिडकीशी बसून म्हशी वाचणार. आणि ते माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते की भांडायचीही सोय नव्हती.

मी फोन काढला. मूळ नकाशा माझा आहे. ठिपक्याचा रंग एकटीने बदलायचा हक्क मला आहे, मात्र त्यासाठी त्या जागी हजर असावं लागतं. लोक घरबसल्या काहीही भरायचे म्हणून ती अट मीच घातली होती. मी हजर होते. अकरा वर्षं हजर होते. मी ग्रंथालयाचा ठिपका दाबला आणि लाल केला.

वर एकशे चाळीस फोन एकदम वाजले. सूचनेचा मजकूर रकानेबाईंनी लिहिलेला होता. "तुम्ही असलेली जागा कार्यक्रमास अयोग्य आहे. कृपया शांतपणे बाहेर पडावे."

एकशे चाळीस माणसं अर्धा तास वर बसली होती. माझ्या नावाची रिकामी खुर्ची त्यांच्यासमोर होती, आणि त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. पण फोनने सांगितल्यावर सगळी उठली. जिन्यावरून रांगेत उतरली. मोजणीकाका दाराशी बाजूला सरून उभे राहिले. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि उतरणाऱ्यांना मोजू लागले. अभियंतासाहेबही उतरले, हातात फोन धरून. सगळ्यांत शेवटी चार स्वयंसेवक चाचणीची खुर्ची घेऊन आले. "सांभाळून, सांभाळून, डावीकडे पायरी आहे," असं म्हणत त्यांनी ती माझ्या शेजारी आणून ठेवली.

पावणेबारा झाले होते. माझं नऊ मिनिटांचं भाषण मला आठवेना. समोर सगळे उभे, कुणी पायऱ्यांवर टेकलेले. मी त्यांना परत ठेवायच्या नऊ पुस्तकांबद्दल सांगितलं, आणि खिडकीबद्दल, आणि शेळ्यांबद्दल. बोलताना मध्येच रडू आलं, तेही रडून घेतलं. कुणी हललं नाही. मागच्या एका माणसाने तेवढा हात वर करून विचारलं, त्याची म्हैस आठ दिवस लंगडते आहे. मी त्याला उपाय सांगितला. तो लिहून घेत होता.

अभियंतासाहेब मधल्या पायरीवर बसले होते. त्यांनी रकानेबाईंकडून फॉर्म मागून घेतला आणि स्वतः भरायला लागले. एका ठिकाणी थांबले. माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

"खुर्ची आत गेली का," त्यांनी वाचलं. "यात कोणती खुर्ची धरायची?"

"जिच्यात मी बसले आहे ती," मी म्हणाले.

त्यांनी "नाही" लिहिलं आणि सही केली.

दोन महिन्यांनी उतार झाला. काम चालू असताना मोजणीकाका चाचणीची खुर्ची घेऊन रुंदी तपासायला निघाले होते, पण रकानेबाईंनी त्यांना दारातच अडवलं. त्यांनी फॉर्ममध्ये नवा रकाना घातला आहे: खुर्चीत कोण होतं? तो रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही. मग मोजणीकाका मला बोलवायला घरी आले, आणि चहा घेताना बराच वेळ कपाकडेच बघत होते.

उतार वाळला त्या गुरुवारी मी एकटी गेले. आतून ती खिडकी फारच लहान दिसते. पशुवैद्यकाचं कपाट तिच्या डाव्या हाताला आहे. आणि उजव्या हाताला, चार पावलांवर, कादंबऱ्यांची भिंत आहे, खालपासून वरपर्यंत. शिपाईकाका सवयीने खिडकीशी उभे होते. वळून मला आत बघितल्यावर गोंधळले.

"कोणतं देऊ?" त्यांनी विचारलं.

"काही नको, काका. नुसती बघतेय."

मी दहा पुस्तकं काढली. प्रत्येकाची चार-चार पानं चाळली. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा दहाही जागेवर ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आले.